आउटलुकचं कंडिशनल फॉरमॅटिंग: डॉक्युमेंटेशन डेस्कवरून

आउटलुक या मेलच्या प्रोग्रॅममध्ये ठरवलेल्या अटीत बसणाऱ्या मेलची ओळ यादीत आपोआप रंगवता येते, त्याला कंडिशनल फॉरमॅटिंग म्हणतात. माझ्या इनबॉक्समध्ये त्याचे सध्या चार रंग आहेत आणि पाचवा येऊ द्यायचा नाही असं मी ठरवलंय. मरून म्हणजे विषयात कट-ऑफ, म्हणजे माल किंवा कागद पोचवायची शेवटची वेळ, आहे. गडद निळा म्हणजे ‘टू’मध्ये मी एकटीच आहे. हिरवा म्हणजे आमचे द्राक्षवाले. करडा म्हणजे मी नुसती सीसीत आहे, दुपारी वाचलं तरी चालेल. बाकी सगळं काळं.

मी पनवेलला एका सीएचए, म्हणजे कस्टम्सचं काम करणाऱ्या एजंटच्या, ऑफिसात एक्स्पोर्ट डॉक्युमेंटेशन बघते. न्हावा शेव्याहून निघणाऱ्या मालाचं शिपिंग बिल, एसआय (जहाज कंपनीला द्यायच्या सूचना), व्हीजीएम (भरलेल्या कंटेनरचं प्रमाणित वजन), फायटो (माल कीड-रोगमुक्त असल्याचं प्रमाणपत्र), ड्राफ्ट बीएल (बिल ऑफ लेडिंगचा, म्हणजे जहाज कंपनीच्या मालपावतीचा मसुदा), असं सगळं माझ्या टेबलावरून जातं आणि सगळं मेलवर चालतं. फोन होतात, व्हॉट्सॲपवर फोटो येतात, पण शेवटी लाइनचा, म्हणजे जहाज कंपनीचा, माणूस म्हणतो, “मॅडम, मेल टाका.” मेलवर नाही म्हणजे ते झालंच नाही. जानेवारी ते एप्रिल द्राक्षांचा सीझन असतो, तेव्हा दिवसाला दोनशेच्या वर मेल येतात. त्यातले निम्मे ‘रिप्लाय ऑल’चे. कोणीतरी कोणाला तरी “नोटेड” म्हणतो आणि आम्ही चौदा जण ते उघडून बघतो. त्या चौदांमध्ये खरं काम कोणाचं आहे, हे यादीकडे बघून कळत नाही. मेलच्या कामातला निम्मा थकवा तिथला आहे.

ज्या सीनियर मॅडमच्या हाताखाली मी शिकले, त्यांच्याकडे आउटलुक 2007 होतं. त्यात टूल्समध्ये ‘ऑर्गनाइझ’ म्हणून एक सोय होती. ती उघडली की वर एक पट्टी यायची आणि तिथे ‘युझिंग कलर्स’ असायचं. अमक्याचे मेल लाल, फक्त मला आलेले निळे, बटण दाबलं की झालं. आत गेलं तर त्याला ऑटोमॅटिक फॉरमॅटिंग म्हणायचे. 2010 पासून त्याचंच नाव कंडिशनल फॉरमॅटिंग झालं. मॅडमच्या स्क्रीनवर निळे मेल दिसायचे आणि त्या आधी तेवढेच उघडायच्या. मला तेव्हा वाटायचं, ही हौस आहे. मी तरुण होते, मी ‘रूल्स’ शिकले होते. मेल आला की तो आपोआप ठरलेल्या फोल्डरमध्ये जायचा. लाइनचे मेल एका फोल्डरमध्ये, ट्रान्सपोर्टवाल्यांचे दुसऱ्या, सर्व्हेअरचे तिसऱ्या. इनबॉक्स कसा लख्ख दिसायचा. मला त्याचा अभिमान होता.

2019 च्या फेब्रुवारीत पिंपळगाव बसवंतच्या एका कंटेनरची व्हीजीएम अडकली. कंटेनरचं प्रमाणित वजन कळवल्याशिवाय तो जहाजावर चढवायचा नाही, हा नियम 1 जुलै 2016 पासून जगभर आहे. वजन आम्ही पाठवलं होतं, पण बुकिंग नंबरात एक आकडा चुकला होता. लाइनकडून दुपारी आठवणीचा मेल आला होता, संध्याकाळी सहाच्या आत दुरुस्त करून पाठवा म्हणून. तो मेल माझ्याच रूलनं उचलला आणि ‘लाइन नोटीस’ फोल्डरमध्ये नेऊन ठेवला. त्या फोल्डरवर आधीच चाळीसच्या आसपास न वाचलेल्यांचा आकडा होता, त्यात एक वाढला. मी तो दुसऱ्या दिवशी सकाळी वाचला. कंटेनर रोलओव्हर झाला, म्हणजे पुढच्या जहाजावर ढकलला गेला. द्राक्षांचा रीफर, म्हणजे थंड कंटेनर, आठवडाभर यार्डात प्लग लावून उभा. निर्यातदार काका फोनवर चिडले नाहीत. एवढंच म्हणाले, “ताई, माल माझ्या एकट्याचा नाही, गावातल्या अकरा जणांचा आहे.” मला ते वाक्य अजून जसंच्या तसं आठवतं.

त्या आठवड्यात मी सगळे हलवणारे रूल्स बंद केले आणि रंगांकडे वळले. रंग मेलला हात लावत नाही, तो जिथे आला तिथेच राहतो. रूल मेल हलवतो. कॅटेगरी, म्हणजे रंगीत खूण, मेलवर चिकटते, ती हातानं लावावी लागते किंवा तिच्यासाठीही रूल लागतो. कंडिशनल फॉरमॅटिंग मात्र फक्त यादी कशी दिसावी ते सांगतं. नियम काढला की रंग गेला, मेल होता तसा. आणि नियम आज लिहिला तरी चार महिन्यांपूर्वीचा मेलसुद्धा त्याच क्षणी रंगतो, कारण तो येताना काही घडायची गरजच नसते. माझ्या कामात ही फार मोठी गोष्ट आहे. रंग चुकला तर चुकलेला दिसतो, मेल हरवत नाही.

आता कसं करायचं. डेस्कटॉपवरच्या नेहमीच्या, म्हणजे जुन्या आउटलुकमध्ये इनबॉक्स उघडून ‘व्ह्यू’ टॅबवर जा, ‘व्ह्यू सेटिंग्ज’ दाबा, तिथे ‘कंडिशनल फॉरमॅटिंग’ आहे. उघडल्यावर दिसेल की काही नियम आधीपासूनच आहेत. न वाचलेले मेल ठळक दिसतात, फ्लॅग लावून तारीख उलटलेले मेल लाल दिसतात, हे सगळं तिथूनच येतं. म्हणून लाल मी माझ्या नियमांना वापरत नाही, तो आधीच कामावर आहे. ‘ॲड’ दाबून नाव द्यायचं, ‘फॉन्ट’मध्ये रंग निवडायचा आणि ‘कंडिशन’मध्ये अट लिहायची. अट न लिहिता ओके केलं तर आउटलुक विचारतं की हा नियम सगळ्यांनाच लागू होईल, चालेल का. घाईत ‘येस’ म्हणू नका.

रंग सोळाच मिळतात. त्यातले पिवळा, पोपटी आणि फिका आकाशी पांढऱ्यावर वाचताच येत नाहीत. खरे वापरण्यासारखे सात-आठ. ओळीच्या मागे रंगाची पट्टी येत नाही, फक्त अक्षरं रंगतात. एक्सेलमध्ये रंगवण्याची सवय असलेल्यांना हे कमी वाटतं. मला पुरतं.

माझ्या मते या सगळ्या सोयीचा जीव एका छोट्या खुणेत आहे. कंडिशनच्या खिडकीत पहिल्याच टॅबवर ‘व्हेअर आय ॲम’ असं लिहिलेलं असतं आणि त्यापुढे तीन पर्याय असतात. ‘टू’मध्ये मी एकटी, ‘टू’मध्ये इतरांसोबत मी, आणि सीसीत इतरांसोबत मी. यातला पहिला निवडून मी गडद निळा रंग दिला. ओके, ओके, ओके केलं आणि यादीकडे बघितलं, तर त्या दिवशीच्या दीडशे मेलपैकी निळे सतरा होते. सतरा. म्हणजे दीडशे लोक माझ्या मागे लागलेत असं जे सकाळपासून वाटत होतं, ते सतराच होते. मी ते वरून खाली संपवले आणि मग चहा घेतला.

याला एक मर्यादा आहे, ती माहीत असलेली बरी. मेल ग्रुपच्या पत्त्यावर आला असेल तर त्या ग्रुपमध्ये तुम्ही असलात तरी आउटलुक तुम्हाला ‘टू’मध्ये धरत नाही. तुमचं नाव प्रत्यक्ष लिहिलेलं असावं लागतं. आमच्याकडे डॉक्युमेंटेशनचा एक सामाईक ग्रुप आहे. त्यावर आलेले मेल काळेच राहतात. मी आमच्या निर्यातदारांना सांगून टाकलं की घाईचं असेल तर ग्रुपसोबत माझ्याही नावावर टाका, आणि ग्रुप सीसीत घाला. बहुतेकांनी ऐकलं.

करड्याचा फायदा मला नंतर कळला. सीसीतले मेल करडे केले की ते यादीतून मागे सरकल्यासारखे होतात. नाहीसे होत नाहीत, नुसते आवाज कमी करतात. भडक रंग लावायच्या आधी हा एक नियम लावून बघा. निम्मा इनबॉक्स तेवढ्यानंच शांत होतो.

मरूनवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवलाय. शब्द शोधायचा म्हणजे सोपं, असं वाटतं. विषयात ‘कट-ऑफ’ असेल तर मरून. पण लोक हा शब्द इंग्रजीत तीन प्रकारे लिहितात, मध्ये रेघ देऊन, जागा सोडून आणि सलग. नियमाला जे अक्षर दिलं तेच तो शोधतो, अर्थ त्याला कळत नाही. म्हणून माझ्याकडे कट-ऑफचे तीन नियम आहेत, तिन्ही मरून. दुसरी अडचण याहून वाईट. शब्द कुठे शोधायचा, या प्रश्नाला ‘फक्त विषयात’ आणि ‘विषयात आणि मजकुरात’ असे पर्याय आहेत. पहिल्या दिवशी मी दुसरा निवडला, जास्त सुरक्षित म्हणून. अर्ध्या तासात साठ-सत्तर मेल मरून झाले. कारण मेलच्या पोटात खाली आठवडाभराची जुनी साखळी असते, त्यात कुठेतरी कट-ऑफ असतोच. एका पार्टीच्या तर सहीखालीच छापील ओळ होती की कट-ऑफच्या वेळा बदलू शकतात. त्यांचं “हॅपी दिवाळी”सुद्धा मरून आलं असतं. फक्त विषय, हेच बरोबर.

मराठी शब्दांवर नियम चालतात, हे सांगितलंच पाहिजे, कारण लोकांना ते माहीत नसतं. नाशिककडचे काही निर्यातदार विषय मराठीत लिहितात. मी हिरव्या नियमात ‘द्राक्ष’ एवढंच लिहिलंय. मग द्राक्षं, द्राक्षांचा, द्राक्षाच्या, सगळं त्यात येतं. मराठीत शब्दाला शेपूट लागतं, म्हणून नियमात शब्द शेपूट लागायच्या आधीपर्यंतच लिहायचा. ‘कंटेनर’वर मात्र विसंबू नका. कोणी अनुस्वार देतो, कोणी ‘कन्टेनर’ लिहितो, कोणी ‘कंटेणर’. आणि एका बागाईतदाराच्या मुनीमजींकडे अजून जुन्या फॉन्टवर टायपिंग होतं. त्यांचा विषय माझ्याकडे इंग्रजी अक्षरांच्या खिचडीसारखा दिसतो, त्यात नियमाला काही सापडत नाही. त्यांच्यासाठी मी ‘फ्रॉम’मध्ये नावच टाकलं. खरं तर हिरव्यासाठी नावं टाकणं हाच भरवशाचा मार्ग. आमचे नऊ निर्यातदार आहेत, नऊ नावं अर्धविराम देऊन एका ओळीत बसली.

नियम एकमेकांवर आले तर? हिरव्या माणसाचा मेल आला, ‘टू’मध्ये मी एकटी आणि विषयात कट-ऑफ. तेव्हा जो नियम यादीत वर तो जिंकतो. ‘मूव्ह अप’, ‘मूव्ह डाउन’ अशी बटणं आहेत. माझा क्रम मरून, निळा, हिरवा, करडा. हा क्रम ठरवताना मी बराच विचार केला. माणूस आधी की वेळ आधी? जहाज माणसासाठी थांबत नाही, म्हणून वेळ आधी.

एका नियमातल्या सगळ्या अटी एकदम पूर्ण व्हाव्या लागतात, हेही लक्षात ठेवा. ‘मोअर चॉइसेस’मध्ये ‘फक्त न वाचलेले’ अशी अट आहे. बरेच जण ती लावतात, म्हणजे वाचला की रंग जातो. मी मुद्दाम लावत नाही. वाचणं म्हणजे काम होणं नव्हे. दुपारी वाचलेला आणि ‘बघते’ म्हणून सोडलेला मेल संध्याकाळी काळा झाला तर तो मला कसा दिसणार? माझ्याकडे निळा तो निळाच राहतो. काम संपलं की मी स्वतः तो त्या जॉबच्या फोल्डरमध्ये टाकते. आणि इथे एक गंमत आहे. हे नियम फोल्डरगणिक असतात, इनबॉक्सला लावले तर इनबॉक्सपुरतेच. त्यामुळे फोल्डरमध्ये गेलेला मेल आपोआप काळा होतो. अनेकांची हीच तक्रार असते की रंग दुसऱ्या फोल्डरमध्ये का दिसत नाहीत. हवे असतील तर ‘चेंज व्ह्यू’मध्ये जाऊन हाच व्ह्यू इतर फोल्डर्सना लावायची सोय आहे. मला ते नकोच. रंग म्हणजे शिल्लक काम, काळं म्हणजे झालं.

आमच्या ऑपरेशन्सच्या दादांना लाल आणि हिरवा वेगळा ओळखू येत नाही. त्यांच्यासाठी मी नियम बसवून दिले तेव्हा रंगाऐवजी अक्षराचा आकार वापरला. फॉन्टच्या खिडकीत रंगाच्या शेजारीच ठळक, तिरकं, अधोरेखित आणि पॉइंट साइज आहे, तिकडे कोणी बघत नाही. कट-ऑफ दोन पॉइंट मोठा आणि अधोरेखित, सीसी तिरका. दादा म्हणाले, “हे तर सगळ्यांनाच जमेल.” खरंच आहे. आता माझाही मरून अधोरेखित आहे, कारण मार्चच्या दुपारी खिडकीतून ऊन स्क्रीनवर येतं तेव्हा मरून आणि काळा सारखेच दिसतात.

मोबाइलवर मात्र हे रंग दिसत नाहीत. आउटलुकच्या मोबाइल ॲपमध्ये यादी साधीच असते. सीझनमध्ये मी लोकलमध्ये असते, यार्डात असते, आणि तेव्हाच नेमका रंग हवा असतो. या सोयीला मी पाचपैकी चार देते, एक तारा इथे गेला. आणि ही कमतरता छोटी नाही. रंगांवर विसंबण्याची सवय लागली की मोबाइलवर माणूस आंधळा होतो. मी नियम करून घेतलाय की मोबाइलवर कट-ऑफ शब्द हातानं शोधायचा, सकाळी एकदा आणि चार वाजता एकदा.

नवं आउटलुक ज्यांच्याकडे आलंय त्यांनी आणि ब्राउझरवर उघडणाऱ्यांनी सेटिंग्ज उघडावीत. तिथे ते ‘मेल’खाली आहे, नाव तेच. मी अजून जुन्यावरच काम करते, म्हणून नव्याबद्दल जास्त बोलत नाही.

माझी मावसबहीण शाळेत आहे आणि तिच्याकडे जीमेल. तिनं विचारलं, आमच्याकडे कसं करायचं. जीमेलमध्ये असं फॉरमॅटिंग नाही. फिल्टर करून लेबल लावता येतं आणि लेबलला रंग देता येतो, पण रंगते ती लेबलची चिठ्ठी, ओळ नाही. तिच्यासाठी मी वेगळीच गोष्ट सुरू करून दिली. जीमेलच्या सेटिंग्जमध्ये ‘पर्सनल लेव्हल इंडिकेटर्स’ म्हणून एक पर्याय आहे. तो सुरू केला की मेलपुढे छोटे बाण येतात. एक बाण म्हणजे तुम्हाला आलाय, दोन बाण म्हणजे फक्त तुम्हाला. माझ्या निळ्याचंच काम. ज्यांना आउटलुक घ्यायचं नाही त्यांना थंडरबर्डही चांगलं आहे आणि ते फुकट आहे. त्यात पाच टॅग तयार असतात, इम्पॉर्टंट, वर्क, पर्सनल, टू डू आणि लेटर. मेलवर उभं राहून 1 ते 5 आकडा दाबला की ओळ रंगते, 0 दाबला की रंग जातो. फिल्टरनं आपोआपही लावता येतात. फक्त तो टॅग मेलला लागतो, आउटलुकसारखा नुसता दिसण्यापुरता नसतो.

2023 च्या अखेरीपासून युरोपची जहाजं लाल समुद्र टाळून आफ्रिकेला वळसा घालून जायला लागली, तेव्हा हे रंग नसते तर मी टिकले नसते. तारखा रोज बदलायच्या. एकाच जहाजाचे कट-ऑफ आठवड्यात तीन वेळा नवे यायचे, आणि द्राक्षाला प्रवासाचा प्रत्येक वाढीव दिवस महाग. सकाळी स्क्रीन उघडली की मरूनच्या दोन ओळी आहेत की नऊ, एवढं बघून मला कळायचं की आज डबा कितीला उघडेल.

शेवटी एक सांगते, कारण हे कुठे लिहिलेलं सापडत नाही आणि फार लागतं. ‘व्ह्यू सेटिंग्ज’च्या शेजारीच ‘रीसेट व्ह्यू’ आहे. कोणी कॉलम बिघडले म्हणून ते दाबलं की सगळे नियम पुसले जातात आणि ते परत मिळत नाहीत. आमच्या ऑफिसात कॉम्प्युटर बघायला येणाऱ्या मुलानं एकदा यादी नीट दिसावी म्हणून तेच दाबलं. त्यानंतर मी डायरीच्या शेवटच्या पानावर नियम लिहून ठेवले, नाव, रंग, अट आणि क्रम. काल हाताखालच्या मुलीनं त्या पानाचा फोटो काढून घेतला आणि तिच्या मशीनवर सगळं बसवायला तिला बारा मिनिटं लागली. तिनं हिरव्याच्या जागी जांभळा घेतला आणि नऊ नावांखाली दहावं नाव लिहिलं, सांगलीचे बेदाणेवाले, ते आता तिच्याकडे असतात.